अण्णांनी ‘सगळ्यांची’ यादी मागितली होती

श्री. सातेरी परशराम हलगेकर यांच्या षष्ठ्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या एका दिवाणजीने लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. ग्रंथात वकील आहेत, हेडमास्तर आहेत, टिळकवाडीतले दोन डॉक्टर आहेत. माझी शाळा मराठी चौथीला संपली. मोडी वडिलांपाशी, कानडी बाजारात आणि इंग्रजी एका फाटक्या कोशावरून मी स्वतः शिकलो. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचे कारण नाही. पण आज लेखणी उचलली आहे ती अभिमानाने नव्हे. गेल्या महिन्यात माझ्या हाती एक कागद पडला, आणि तेव्हापासून मी जो हादरलो आहे तो अजून सावरलेलो नाही. त्या कागदाकडे येतोच. आधी पहिली भेट सांगतो, कारण क्रम सोडून लिहिणे मला जमत नाही.

वीस-बावीस वर्षे झाली. निपाणीचा बाजाराचा दिवस होता. आमच्या वखारीसमोरच्या चिंचेखाली, दारापासून मोजून चाळीस पावलांवर, एक किडकिडीत गृहस्थ लाकडी पेटी उघडून बसले होते. तेच आमचे हलगेकर अण्णा. देवी टोचण्याच्या सरकारी नोकरीत ते नुकतेच आमच्या भागात आले होते. लोक त्यांना ‘देवीडॉक्टर’ म्हणत आणि ते दर वेळी न चुकता दुरुस्ती करत, “डॉक्टर न्हवं, टोचणारा.” तान्ही मुले घेऊन आलेल्या बायकांची रांग लागली होती. आमच्या वखारीतला तोलारी धोंडिबा, म्हणजे काट्यावर माल जोखणारा गडी, तिथून जाता जाता ओरडला, “पोरांस्नीच बोचकारतासा व्हय? कवा तरी सोताला लावून बघा की!”

बाजार हसला. अण्णांनी हातातले मूल आईकडे दिले, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि दंड पुढे केला. मला धक्काच बसला. खांद्यापासून कोपरापर्यंत वणच वण, काही जुने पांढरे, काही ताजे तांबूस, नांगरल्या वावरासारखे. त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या दंडावर लशीचा थेंब घेतला, टोचणी फिरवली आणि म्हणाले, “दरसाल हंगाम सुरू व्हायच्या आदी पयला मी. तू कवा?”

धोंडिबाने आपली बाही वर करून चवलीच्या नाण्याएवढे चार वण दाखवले. “ह्या बघा माझ्या चार चवल्या! मी तान्हा असताना आयनं काढून घेतल्यात. आता त्या देवीबाईचं माझ्याकडं काय काम न्हाय.”

“किती वर्सं झाली?”

“तीस असतील.”

“घरावर कौलं हाईत न्हवं रं? दरसाल परततोस का न्हाय?”

“परततो की. न्हायतर गळंल.”

“मग ही कौलं तीस वर्सांत एकदाबी परतलेली न्हाईत.”

“माझं घर गळत न्हाय!” असे म्हणून धोंडिबा दंड थोपटत निघून गेला. पुन्हा हशा झाला आणि त्यात मीही होतो. मला ते उत्तर फार आवडले होते.

अण्णांचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की मुलांना टोचणे हा त्यांच्या कामाचा सोपा भाग होता. अवघड होतो ती आपण मोठी माणसे. लहानपणीचा वण दाखवून आपण मोकळे होतो. प्लेगच्या साथीत माळावरच्या झोपडीत एकदा सुई घेतली की पुढल्या साथीला “आमची झालीया” असे छाती काढून सांगतो. त्यांना शिव्या बसत, कुत्री अंगावर सोडली जात. पण ते कुणावर चिडल्याचे मी पाहिले नाही. समोरच्याची अडचण खरी आहे असे धरूनच ते बोलत. आमच्या वखारीचे मालक बाबगोंडा आप्पा यांची गोष्ट सांगतो. आप्पा धर्माने जैन, पाण्याला सुद्धा फडके लावून पिणारे. लस वासराच्या अंगावर वाढवतात हे कळल्यावर त्यांनी वखारीत टोचायला मनाई केली. आम्हाला वाटले, आता देवीडॉक्टर सरकारी हुकूम काढतील. अण्णा हात जोडून म्हणाले, “आप्पा, तुमचं बरोबर हाय. मला शब्द देऊ नका. माझ्यासंगं बेळगावास चला, वासरू डोळ्यांनी बघा, मग ठरवा.”

आप्पा खरोखर गेले. दोन दिवस तिथे राहिले. लस काढून झालेली वासरे मालकांच्या दाव्याला लागून आपल्या पायांनी घरी जाताना त्यांनी पाहिली. परत आल्यावर पंचावन्न वर्षांच्या त्या माणसाने पेढीवर बसून सर्वांदेखत बाही वर केली. मी तोंडात बोट घातले. हुकमाने जे झाले नसते ते अण्णांनी एका प्रवासात केले होते.

आता माझ्या भागाकडे येतो. जसे घडले तसेच लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी, तंबाखू निवडण्याच्या ऐन हंगामात, अण्णा सकाळीच वखारीत आले. पेटी नव्हती, चेहरा उतरलेला होता. आदल्या आठवड्यात माल घेऊन आलेला एक गाडीवान दोन रात्री आमच्या ओसरीवर निजला होता. त्याला गावी जाताच देवी आल्या होत्या. अण्णा म्हणाले, “दिवाणजी, सगळ्यांची यादी करा. बाया, हमाल, मुकादम, मालक, तुमी सोता. वण असू दे न्हायतर नसू दे, सगळ्यांची. बेळगावातनं लस आणून परवा सकाळी येतो.”

यादी करणे हे माझे काम आणि माझा आनंद. मी एकेकाला बोलावून दंड पाहिले, वण मोजले. चार वण असलेल्यापुढे ‘पूर्ण’ लिहिले, दोन असलेल्यापुढे ‘निम्मे’, एकही नसलेल्यापुढे पूज्य. एकूण एकोणसत्तर नावे झाली. त्यांत ‘पूर्ण’ एकतीस. मग मी विचार केला, की या एकतिसांना पुन्हा टोचायचे कशाला? माझ्याजवळ वैद्यकाचे एक इंग्रजी पुस्तक होते. कोश शेजारी घेऊन, शब्दाला शब्द लावत, मी ते संपूर्ण वाचले होते. त्यात स्वच्छ लिहिले होते की एकदा देवी काढल्या की जन्माची काळजी मिटते. अण्णा इंग्रजी वाचत नव्हते. मला वाटले, भला माणूस आहे, पण मोघम बोलतो. त्यातून मुकादमाची कुरकुर होतीच, की दंड सुजले तर दोन दिवस काम बसेल. मी ‘पूर्ण’वाल्यांचा कागद काढून बाजूला ठेवला. त्या कागदावर पहिले नाव धोंडिबाचे होते आणि शेवटचे माझे.

ते पुस्तक फार जुने होते. त्याचे साल पहिल्याच पानावर छापलेले होते. सुतळीच्या गुंड्या मोजून घेणारा मी, ते साल मी पाहिले नाही.

ठरल्या दिवशी अण्णा आले. अजून सहा वखारी करायच्या होत्या. घामाने भिजले होते. मी सुवाच्य अक्षरातली अडतीस नावांची यादी पुढे केली. त्यांनी वरून खाली बोट फिरवले आणि विचारले, “सगळे आले न्हवं?”

“सगळे,” मी म्हणालो.

तुमी केलीया म्हणजे चोखच असणार, असे म्हणून ते कामाला लागले. बाहेर काट्यापाशी धोंडिबा कुणाला तरी सांगत होता, “मला बोलावलं न्हाय बघ. माझ्या चवल्या लांबनंच वळखल्या देवीडॉक्टरनं!”

नवव्या दिवशी धोंडिबाला ताप भरला. बाराव्या दिवशी अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नाही. त्याच्या दाराला लिंबाचे डहाळे लागले, घरात फोडणी बंद झाली, आणि त्याची बायको गंगाक्का उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होती, “त्येच्या दंडावर चार हाईत की ओ! चार असून कसं आलं?” जे मला ठामपणे माहीत होते तेच खोटे निघाले होते, आणि त्याची किंमत दुसरा माणूस अंथरुणावर मोजत होता.

त्याच सायंकाळी अण्णा धावत आले. वखारीत शिरल्या शिरल्या त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तो दुसरा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, घडी करून खिशात घातला आणि एवढेच म्हणाले, “बाही वर करा, दिवाणजी.” उरलेल्या तिसांना त्यांनी तिथेच टोचले. निवडणाऱ्या दोघी बायकांना उशीर झाला होता. त्यांना देवी आल्या, पण त्या वाचल्या. मला वाटले होते की माझ्या दंडावर काही उमटणार नाही, मी तर ‘पूर्ण’. आठव्या दिवशी माझ्या दंडावर टपोरा फोड होता, काखेत गाठ होती आणि अंगात ताप होता, अगदी पहिल्यांदा टोचलेल्या तान्ह्या मुलासारखा. अण्णांनी तो फोड दिव्याजवळ धरून पाहिला. “तुमची कौलं पार गेलती,” ते म्हणाले. “तो गाडीवान तुमच्या पेढीजवळ निजला असता तर?”

धोंडिबा वाचला. त्याचे दोन्ही डोळे गेले.

मग गाव बोलू लागले. देवीडॉक्टरने आळस केला, धोंडिबाला वगळले, लस संपली म्हणून टोचले नाही, एक ना दोन. धोंडिबा स्वतः ओसरीवर बसून दोर वळता वळता अण्णांना शिव्या घाली. मी त्याला भेटायला जाई. त्या शिव्या ऐके आणि उठून येई. मला कुणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत किती पोकळ होती हे लिहून दाखवायची गरज नाही.

काही महिन्यांनी अण्णांची बदली खानापूरच्या जंगलाकडे, कणकुंबीच्या बाजूला झाली. आम्हाला ते म्हणाले, “हवा चांगली हाय तिथली. मीच मागून घेतली.” एकदा मी त्यांच्याबरोबर त्या भागात हिंडलो. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात घातलेल्या, मडके डोक्यावर, आणि पुढे तीन कोस रान. एका वाडीत एक म्हातारी काठी उगारून बसली होती.

“माझी हाडं न्यायला यम यायचा हाय. देवी कशाला वाट वाकडी करतीया?”

“आज्जी, तुज्यासाठी न्हाय गं.”

“मग?”

“तुज्या मांडीवर नातू निजतोय त्येच्यासाठी. त्येला सहा म्हैने झालं न्हाईत, मी अजून टोचलेला न्हाय. बाजाराला तू जातीस. रोग तुज्या पदरातनं येतोय आनि पाळण्यात उतरतोय.”

म्हातारीने काठी खाली ठेवली. “एवढं सरळ कुनी सांगितलं न्हवतं बाबा,” म्हणत तिने सुरकुतलेला दंड पुढे केला, आणि टोचून होताच म्हणाली, “आता माज्या सुनंला बी टोच. लई टेंभा मिरवतीया, आपली झालीया म्हणून.” परतीच्या वाटेवर अण्णांनी मला त्यांचा नेम सांगितला. दर सात वर्षांनी मोठ्यांनीही टोचून घ्यावे; आणि साथ शेजारच्या गावात आली असेल, तर सात दिवससुद्धा थांबू नये.

त्या प्रवासात माझ्या पायात काटा मोडला तेव्हा अण्णांनी माझा पाय मांडीवर घेऊन तो सुईने काढला. दोन दिवसांत वखारीच्या यादीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी त्याला त्यांचा विसराळूपणा समजलो होतो.

आता तो कागद. गौरवग्रंथाच्या मंडळींनी अण्णांच्या नोकरीची क्रमवार टिपणे करण्याचे काम माझ्याकडे दिले, आणि त्यासाठी बेळगावच्या खासबागेतल्या त्यांच्या घरातून जुन्या कागदांचे गाठोडे आणले. उलगडता उलगडता धोंडिबाच्या प्रकरणात वरच्या साहेबांपुढे झालेल्या चौकशीतली अण्णांच्या जबानीची नक्कल समोर आली. अशी चौकशी झाल्याचेच मला माहीत नव्हते. साहेबांनी विचारले आहे, यादी कोणी केली? उत्तर: मी केली. चार वणांची माणसे का वगळली? उत्तर: माझी चूक झाली. आणि खाली शेरा, की पगारवाढ रोखावी व जंगल भागात बदली करावी.

मी तो कागद चार वेळा वाचला. चांगल्या हवेसाठी मागून घेतलेली ती बदली शिक्षा होती. माझी शिक्षा. अकरा वर्षे ती दुसऱ्याच्या नावावर चालली होती आणि मी त्याच माणसाच्या मांडीवर पाय ठेवून काटा काढून घेतला होता.

तसाच मी मोटारीने बेळगाव गाठले. अण्णा अंगणात सुपारी कातरत होते. मी कागद पुढे धरला.

“हे काय केलेत तुम्ही?”

“अरेच्चा! त्येबी गाठोड्यात गेलं व्हय? हिला सांगितलं व्हतं, नीट बघून दे.”

“यादी माझी होती, अण्णा.”

“टोचायचं काम माझं. मग यादी कुणाची? म्या दंड बघाय पायजे व्हते. तुमच्या अक्षरावर भाळलो.”

“माझे नाव का सांगितले नाहीत?”

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. “नाव सांगितलं असतं तर मालकानं तुमाला घालवलं असतं. मग पुढल्या साथीला यादी कोन करून देणार? आनि त्या खेपेपास्नं तुमी एक नाव तरी गाळलंय का?”

गाळलेले नाही. त्यानंतर आमच्या वखारीत दर हंगामाआधी सगळ्यांचे दंड उघडे होतात आणि सुरुवात माझ्यापासून होते. पण याने मागचे काही पुसले जात नाही, आणि अण्णांचे गुण गाताना तेवढे झाकून ठेवणे मला शक्य नाही. या ग्रंथाचे वाचक बहुतेक सगळे मोठे, शिकलेले, आपापल्या वणांबद्दल निश्चिंत असलेले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. हे पान वाचून झाल्यावर आपल्या दंडावर हात ठेवा आणि शेवटचे टोचून घेतल्याला किती वर्षे झाली ते मोजा. मोजता आले नाही, तर उत्तर मिळालेच म्हणून समजा.

छापायला देण्यापूर्वी हा लेख मी धोंडिबाच्या ओसरीवर बसून त्याला वाचून दाखवला. ‘सगळे, मी म्हणालो’ या जागी मी कागद खाली घेतला. “वाचा की,” तो म्हणाला. त्याचे दोर वळणारे हात थांबले होते. वाचन संपले तेव्हा गंगाक्का माझ्याकडे न पाहता उठून आत गेली.

धोंडिबा दोर बाजूला ठेवून म्हणाला, “अकरा वर्सं त्या मानसाला शिव्या घातल्या म्या. तुमच्यासमोर घातल्या. तुमी च्या प्यालासा आनि ऐकलासा.”

“व्हय.”

“ह्ये छापणार?”

“छापणार. तुझे नाव नको असेल तर काढतो.”

“न्हाय, असू दे. पर आंधळा धोंडिबा म्हणून नगं. तोलारी म्हणून घाला.” मग दोर पुन्हा हाती घेत, “तुमचं काय करायचं त्ये अजून ठरवलं न्हाय म्या. त्ये आपलं आपण बघू. त्यास्नी मातर एवढं कळवा, म्हणावं लई वर्सं जगा. धोंडिबाला बेळगावास येऊन पाय धरायचं हाईत, आनि औंदा गुडघं लई धरल्यात.”

तो निरोप मी येथे जसाच्या तसा पोचता करतो. श्री. हलगेकर अण्णांची साठी झाली. त्यांच्या दंडाला, दृष्टीला आणि त्या पायपीट केलेल्या पायांना उदंड बळ लाभो आणि शंभरीपर्यंत ते असेच आमच्यात राहोत. त्यांनी वाट पाहिली पाहिजे. धोंडिबा अजून यायचा आहे.